कागदाच्या आधी तांबे मॅडम

मुख्याधिकारी आणि संचालक मंडळ यांचं नातं परस्पर विश्वासाच्या भक्कम पायावर उभं असतं. हे वाक्य माझं नाही. आमच्या संस्थेच्या सभागृहात ते सोनेरी अक्षरांत, काचेच्या चौकटीत लावलेलं होतं. चौकट जड होती आणि खिळा भिंतीत नीट बसलेला नव्हता, त्यामुळे तिच्याखालच्या खुर्चीत कुणी बसत नसे. संचालक पाच आणि खुर्च्या आठ असल्यामुळे अडत नसे. नवीन माणूस आला की मात्र त्याला आग्रहाने तिथेच बसवत.

सुलभा तांबे मुलाखतीला आल्या तेव्हा त्यांनाही तीच खुर्ची दाखवण्यात आली. त्या बसल्या नाहीत. त्यांनी वर पाहिलं, एका बोटाने चौकटीची खालची कड किंचित उचलली आणि म्हणाल्या, "हा खिळा दीड इंची आहे. अडीचचा हवा." मग खुर्ची चार हात पुढे ओढून घेतली आणि बसल्या. मी कोपऱ्यात मुलाखतीची टिपणं घेत होतो. ही बाई निवडली गेली तर आपल्या सगळ्यांचं अवघड आहे, असं मला वाटलं. ती निवडली गेली.

आमची संस्था म्हणजे एक चाचणी प्रयोगशाळा. उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूरच्या लहान कारखानदारांनी मिळून काढलेली. प्लग, वायरी, गॅसच्या नळ्या, कुकरच्या शिट्ट्या, असला माल बाजारात जाण्याआधी आमच्याकडे यायचा. आम्ही तो तापवायचो, ओढायचो, आपटायचो आणि टिकला तर प्रमाणपत्र द्यायचो. अडचण एवढीच होती, की माल ज्यांचा तपासायचा तेच मंडळात बसलेले. म्हणजे परीक्षेला बसलेल्या मुलांनीच मास्तर नेमायचा, आणि दर तीन वर्षांनी त्याला ठेवायचं की घालवायचं हेही मुलांनीच ठरवायचं. आधीचे दोन मुख्याधिकारी हे ओळखून सुखाने नांदले. त्यांच्या काळात एकही नमुना नापास झाला नाही. पुढे बाजारात आमच्या प्रमाणपत्राला कुणी विचारेनासं झालं, तेव्हा आता कडक माणूस आणावा यावर मंडळाचं एकमत झालं. कडक म्हणजे इतरांशी कडक, असं प्रत्येकाच्या मनात होतं.

अध्यक्ष होते परसराम शेठ. उल्हासनगरच्या कॅम्प चारमध्ये त्यांचा एक्स्टेंशन बोर्डचा कारखाना. वय पंचाहत्तरच्या पुढे, आवाज पंचविशीतला. दुसरे पालेगावचे बाळाराम दादा. त्यांचा कसलाही कारखाना नव्हता, पण प्रयोगशाळा ज्या जमिनीवर उभी होती ती त्यांची होती. तिच्या चारी बाजूंना आता वीस-वीस मजली इमारती उठल्या होत्या आणि आपण ही जमीन संस्थेला फार लवकर दिली, हे दुःख दादा प्रत्येक सभेत नव्याने करत. तिसरे अंबरनाथ पूर्वेचे आपटे साहेब, एका मोठ्या कारखान्यातून अधिकारी म्हणून निवृत्त झालेले आणि आता स्वतःचं छोटं रबराचं युनिट चालवणारे. ती चौकट त्यांनीच लावली होती. उरलेले दोघे बदलापूरचे. त्यांतला एक बोलत नसे आणि दुसरा त्याला अनुमोदन देत असे.

मी सचिव. सभेचं इतिवृत्त लिहिणं, कपाटाच्या किल्ल्या सांभाळणं आणि सगळ्यांचं ऐकून घेणं हे माझं काम. मंडळाचे व्हॉट्सअ‍ॅपवर चार गट होते. एक सगळ्यांचा, एक मॅडमना वगळून, एक मॅडम आणि आपटे यांना वगळून, आणि एक असा की ज्यात कोण नाही हे मला शेवटपर्यंत कळलं नाही. मी चारही गटांत होतो.

मॅडम रुजू झाल्या त्या आठवड्यात परसराम शेठनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "सामंत, बाई हुशार आहे. जरा नजर ठेव." दुसऱ्या दिवशी आपटे साहेबांनी हेच चांगल्या मराठीत सांगितलं. बाळाराम दादांनी फोन करून विचारलं, "ती बाय काय करतंय रं दिवसभर?" शनिवारी खुद्द मॅडमनी मला आत बोलावलं.

"तुम्हाला माझ्यावर लक्ष ठेवायला सांगितलं असेल."

मी हातातल्या किल्ल्या मोजायला लागलो.

"नीट ठेवा. अर्धवट ठेवलंत तर मला त्रास होईल."

माझा संशय तिथून सुरू झाला. स्वतःवर लक्ष ठेवा म्हणणारा माणूस मी तोपर्यंत पाहिला नव्हता, आणि जे पाहिलं नाही त्यावर संशय घ्यावा अशी माझी नोकरी होती.

बाई दिसायला अगदी साध्या. ठेंगण्या, पिकलेल्या केसांची घट्ट वेणी, हातात पेन्सिल. सही सोडली तर पेन वापरत नसत. बदलापूरहून स्कूटरवर येत. डोक्यावरचं हेल्मेट त्यांनी आमच्याच प्रयोगशाळेत तपासून घेतलेलं होतं, म्हणजे तसल्या दुसऱ्या हेल्मेटवर पाच किलोचा गोळा टाकून. कुठल्याही खोलीत शिरल्या की त्यांची नजर आधी भिंतीवरच्या प्लगकडे जाई, मग माणसांकडे. बाळाराम दादांच्या धाकट्या मुलाच्या लग्नात त्या स्टेजजवळ बराच वेळ मान वर करून उभ्या होत्या. दादांच्या पत्नीने कौतुकाने विचारलं, "मॅडम, नवरी बघितलीव ना?"

"पाहिली. छान आहे. तिच्या मागची वायर कुणी जोडली?"

मंडपवाल्याला बोलावलं गेलं. अर्धा तास रोषणाई बंद राहिली आणि त्या अर्ध्या तासाचे फोटो आजही काळोखे आहेत. दादांच्या घरात मॅडमचं नाव निघालं की अल्बमही निघतो.

कामाला लागल्यावर त्यांनी पहिली गोष्ट बदलली ती इतिवृत्ताची. आधी सभा व्हायची, मी घरी जाऊन इतिवृत्त लिहायचो आणि पुढच्या आठवड्यात एकेक संचालक फोन करून आपण काय बोललो होतो ते बदलून घ्यायचा. एका सभेत तर सगळ्यांनी विरोध केलेला ठराव शेवटी एकमताने मंजूर झाल्याचं निघालं. मॅडमनी नियम केला की इतिवृत्त तिथेच लिहायचं, तिथेच मोठ्याने वाचायचं आणि सगळ्यांनी सही करूनच उठायचं. याला कुणी तयार झालं नसतं, पण त्यांनी तो नियम दाल पकवानला जोडला.

सभेच्या दिवशी खाणं परसराम शेठकडून असे. कॅम्प चारमध्ये त्यांच्या लहानपणापासूनच्या मित्राचं दुकान होतं. सभा शेवटच्या विषयावर आली की शेठ विषयपत्रिकेचा कोपरा फाडून त्यावर काहीतरी लिहीत आणि दारात उभ्या असलेल्या ड्रायव्हरला देत. लिहीत ते सिंधीत, उजवीकडून डावीकडे. ती लिपी आमच्यात शेठना आणि तिकडे त्या हलवायाला, अशी दोघांनाच येत होती. तासाभरात ड्रायव्हर गरम दाल आणि कुरकुरीत पकवान घेऊन परत येई. बाळाराम दादांना दोन प्लेट लागत. जमीन त्यांची होती.

मॅडम म्हणाल्या, "सही आधी, दाल पकवान नंतर." वास दारातून आत येत असताना आपण नेमकं काय म्हणालो होतो यावर वाद घालण्याची ताकद कुणातच राहत नसे. सह्या झाल्या की त्या स्वतः उठून प्रयोगशाळेत निघून जात. खात नसत.

चहाही घेत नसत. संचालकांकडे तर कुणाकडेच नाही. आणि त्या संचालकांकडे वारंवार जात, ही त्यांची दुसरी पद्धत. सभेच्या आधीच्या आठवड्यात विषयपत्रिका घेऊन त्या प्रत्येकाच्या दारात हजर. कुठला नमुना नापास झाला, कुठलं यंत्र बंद आहे, कुणाची तक्रार आली, सगळं तोंडाने सांगून येत. "कागदाच्या आधी माणूस गेला पाहिजे," असं त्या म्हणत. मंडळाला हे अजिबात आवडलं नाही. इतक्या आधी येऊन वाईट बातमी सांगणारा माणूस नक्की काहीतरी जुळवाजुळव करतो आहे, असा सगळ्यांचा अंदाज होता.

आपटे साहेबांच्या सांगण्यावरून मी एकदा त्यांच्याबरोबर फिरलो. पालेगावला दादांच्या ओटीवर चहा आला. मॅडम म्हणाल्या, "मला पाणी द्या."

दादांचा चेहरा उतरला. "आमचे घरचा चा चालत नाय का तुमाना?"

"पाणी चालतं की. पाणी मी सगळ्यांकडे पिते. चहा कुणाकडेच घेत नाही. ज्यांचा नमुना माझ्याकडे येतो त्यांच्याकडे नाही."

"पन माजा कंचा नमुना? मी काय बनवतंय? काय नाय."

"तुमच्या पुतण्याची गॅसची नळी येते."

दादांनी त्यांचा चहा माझ्यापुढे सरकवला. मॅडमनी सगळं पाणी संपवलं आणि आणखी मागून घेतलं. मला वाटतं ते दादांच्या पत्नीसाठी होतं.

कॅम्प चारला शेठच्या काचेच्या केबिनमध्ये तोच प्रकार. "मॅडम, तुम्ही चाय नाय पिते, म्हणून तुमची पण मीच पितो. डॉक्टर बोलला दिवसाला दोन. तुम्ही माझी तबियत खराब करते."

पाचही दारं फिरून माझ्या लक्षात आलं की त्या सगळ्यांना तीच वाक्यं त्याच क्रमाने सांगतात. संध्याकाळी संचालकांनी एकमेकांना फोन केले. तुला काय सांगितलं? आणि तुला? सगळीकडे तेच. आपटे साहेबांनी मला फोन केला. "सामंत, ही सगळ्यांना सारखंच सांगते. याचा अर्थ लक्षात येतोय का तुमच्या?"

मला येत नव्हता. पण अर्थ असणार, हे मलाही पटलं होतं.

तिसरी पद्धत नंबरांची. नमुना आला की मी त्याच्यावरचं नाव खरवडून नंबर चिकटवायचा आणि कुणाचा नमुना ते वहीत लिहून वही कपाटात ठेवायची. कपाटाला दोन कुलपं. एक किल्ली माझ्याकडे, दुसरी पालेगावला दादांकडे. निकालावर मॅडमची सही झाल्यावरच आम्ही दोघं मिळून वही उघडणार. "नमुना कुणाचा हे मलाच माहीत नसलं की मला कुणी फोन करून उपयोग नाही," त्या म्हणाल्या. त्यांचा फोन खरोखरच वाजेनासा झाला. माझा वाजू लागला.

त्यानंतरच्या महिन्यात आमच्याकडे अचानक खूप नमुने आले. मॅडमच्या मदतीला आणखी एक माणूस नेमावा का, अशी चर्चा निघाली. वही उघडली तेव्हा उलगडा झाला. मॅडमची परीक्षा घ्यावी हे पाचही संचालकांना स्वतंत्रपणे सुचलं होतं. शेठनी एक परदेशी बोर्ड विकत घेऊन त्याचं नाव घासून आपल्या भाच्याच्या कंपनीतर्फे पाठवला होता. तो पास झाला. दादांनी बाजारातली सगळ्यात हलकी गॅसची नळी पुतण्याच्या नावाने पाठवली. ती नापास झाली. आपटे साहेबांनी सगळ्यात शास्त्रशुद्ध सापळा लावला. एकाच रबराचे दोन तुकडे दोन वेगळ्या नावांनी पाठवले, निकाल वेगवेगळा येतो का हे पाहायला. दोन्ही निकाल सारखे आले. त्यांनी मला रात्री फोन केला नाही, सरळ घरी आले.

"दशांशापर्यंत सारखे? हे कसं शक्य आहे, सामंत? तिला कुणीतरी सांगितलं असणार."

"एकाच रबराचे तुकडे होते ना, साहेब?"

"म्हणूनच म्हणतो!"

मॅडमनी मंडळासमोर ठेवलेल्या अहवालात एवढंच वाक्य होतं: 'या महिन्यात नमुन्यांची संख्या वाढली. कारण: संचालक मंडळाची विशेष आस्था.' अहवाल वाचताना त्यांच्या चेहऱ्यावर काही नव्हतं. अनुमोदन देणाऱ्या संचालकाने सवयीने अनुमोदन दिलं.

अशी तीन वर्षं गेली. प्रमाणपत्राला पुन्हा मान आला, पुण्याहून नमुने येऊ लागले, आणि मॅडमच्या नेमणुकीची मुदत संपत आली. पुढच्या तीन वर्षांचा ठराव शुक्रवारच्या सभेत होता, विषय क्रमांक सहा. त्या तेव्हा पंचावन्नच्या होत्या. या वयात दुसरीकडे कुणी घेत नाही. घरी नवरा आजारी, कमावणारं दुसरं कुणी नाही. हे मला त्यांच्या विम्याच्या फॉर्मवरून माहीत होतं. त्या कधी बोलल्या नाहीत.

त्याच आठवड्यात, सोमवारी, एका एक्स्टेंशन बोर्डचा निकाल लागला. लाल तापलेली तार प्लास्टिकला टेकवायची आणि काढून घ्यायची, अशी ती चाचणी. ज्योत आली तरी ती आपोआप विझली पाहिजे. या बोर्डची विझली नाही. दादा किल्ली घेऊन आले, वही उघडली. नाव परसराम शेठचं होतं. एका मोठ्या वसतिगृहाची ऑर्डर होती आणि माल त्याच आठवड्यात जायचा होता.

दादा वहीकडे बघत म्हणाले, "मॅडम, सुक्रवार होऊन जाव द्या. मंग सांगा."

मॅडम उठल्या. "सामंत, जास्तीचं हेल्मेट आहे, घाला."

शेठच्या कारखान्यात ओळीने बसलेल्या बाया बोर्डांचे स्क्रू पिळत होत्या. केबिनमध्ये गेल्यावर मॅडमनी पिशवीतून जळका बोर्ड काढून टेबलावर ठेवला. एका बाजूने तो वितळून काळा झाला होता.

"शेठ, तुमचा बोर्ड नापास झाला. कागद दुपारी निघेल. आधी सांगायला आले."

शेठनी माझ्याकडे पाहिलं. "सामंत, दरवाजा बंद कर."

"उघडा राहू दे," मॅडम म्हणाल्या.

"चाळीस साल झाले मी बोर्ड बनवतो, मॅडम. कोणाच्या घरात आग लागली? एक नाव सांगा."

"आधीचं प्लास्टिक वेगळं होतं. हे कधी बदललंत?"

शेठनी काचेबाहेर पाहिलं. बाहेर स्क्रू पिळण्याचा आवाज येत राहिला. "सप्लायर बदलला," ते शेवटी म्हणाले. "सेम माल आहे बोलला तो."

"सेम नाही. तार काढल्यावरही जळत होता. खालचा कागद पेटला. वसतिगृहात पोरं उशाशी मोबाइल लावून झोपतात."

"दुसरा सॅम्पल पाठवतो."

"पाठवा. त्यालाही नंबर मिळेल. पण जो माल बांधून ठेवलाय तो हाच आहे."

शेठ मागे टेकले. आवाज एकदम मऊ झाला, आणि मऊ आवाजातले शेठ मला जास्त धोक्याचे वाटत. "मॅडम, शुक्रवारी चार नंबरला हा रिपोर्ट येणार. सहा नंबरला काय आहे, वाचलं ना?"

"मीच छापलंय."

"सहा नंबरला तुमची खुर्ची आहे."

"हो. चारला तुमचा बोर्ड, सहाला माझी खुर्ची. म्हणूनच आज आले. शुक्रवारी सगळ्यांसमोर पहिल्यांदा ऐकलं असतंत तर तुम्हाला भांडावंच लागलं असतं. आता चार दिवस आहेत."

शेठनी जळका बोर्ड उचलून वास घेतला, खाली ठेवला. "चाय?"

"पाणी."

परत येताना स्कूटरवर मी मागून विचारलं, "मॅडम, शुक्रवारी सहावा विषय आधी घेता आला असता."

"आला असता. मग पुढची तीन वर्षं मला ते आठवत राहिलं असतं." थोडं पुढे गेल्यावर म्हणाल्या, "हेल्मेटचा पट्टा लावा. नुसतं डोक्यावर ठेवायला ते टोपी नाही."

शुक्रवारची सभा भरली. चौथा विषय पुकारताच परसराम शेठ उभे राहिले. एरवी ते बसूनच बोलत.

"मित्रांनो, माझ्या मालावर मला स्वतःला शक आला. मी स्वतः टेस्ट केला. मी स्वतः पूरा माल रोकला. का? तर मुलं कोणाची पण असो, मुलं आहेत."

टाळ्या पडल्या. आपटे साहेबांना नेतृत्व या विषयावर चार शब्द बोलावेसे वाटले आणि ते बोलले. 'अध्यक्षांनी स्वतः शंका घेऊन', असं लिहायचं का, म्हणून मी मॅडमकडे पाहिलं. त्यांनी पेन्सिलीकडे बघत मान हलवली. लिहा. इतक्या सहज त्यांनी ते श्रेय देऊन टाकलं, की यात त्यांचा काय फायदा असेल याचा मी पाचव्या विषयभर विचार करत होतो. माल परत मागवला होता, वसतिगृहाला नवे बोर्ड जाणार होते, आणि अहवालातलं एकही अक्षर बदललेलं नव्हतं. फायदा असलाच तर तेवढाच.

सहाव्या विषयाला त्या नियमाप्रमाणे बाहेर गेल्या. आपटे साहेब चौकटीकडे बोट दाखवून पाव तास विश्वासावर बोलले आणि शेवटी म्हणाले की मतदान गुप्त घ्यावं, म्हणजे विश्वासाला तडा जाणार नाही. हो किंवा नाही, एवढंच लिहायचं. सगळ्यांनी विषयपत्रिकेचे कोपरे फाडले. शेठनी लिहिलं, नेहमीप्रमाणे दारात जाऊन ड्रायव्हरला खाण्याची चिठ्ठी दिली, परत येऊन मताची चिठ्ठी खोक्यात टाकली.

मी चिठ्ठ्या उघडल्या. हो. नाही. नाही. हो. पाचवी सिंधीत होती.

पाचही जण माझ्याकडे बघत होते. मॅडमची नोकरी माझ्या हातातल्या त्या कागदावर होती आणि तो मला वाचता येत नव्हता. मी म्हटलं, "शेठ, हे कुणी लिहिलंय ते मी विचारत नाही. पण वाचून तुम्हालाच द्यावं लागेल."

शेठनी चष्मा लावला. कागद बघितला. मग जरा दूर धरून पुन्हा बघितला. दाराकडे पाहिलं, बाहेर व्हरांड्यात मॅडम पाठमोऱ्या उभ्या होत्या. त्या तिथल्या फ्यूजच्या पेटीकडे बघत होत्या.

"हो," शेठ म्हणाले. "हो लिहिलंय."

आपटे साहेब वाकून कागदाकडे पाहू लागले. "एवढ्याशा 'हो'ला दोन ओळी?"

"सिंधीमध्ये लंबा लिखते हैं," शेठ म्हणाले आणि कागद माझ्या हातात दिला.

तीन विरुद्ध दोन. मॅडम आत आल्या, मी निकाल वाचला. त्या म्हणाल्या, "बरं." इतिवृत्त लिहिलं, वाचलं, सह्या झाल्या आणि त्या प्रयोगशाळेत गेल्या. दाल पकवान मात्र आलं नाही. ड्रायव्हर रिकामाच परतून गाडीत बसला होता.

"आज उपास हाय का काय?" बाळाराम दादा म्हणाले. शेठनी ड्रायव्हरला हाकही मारली नाही. ड्रायव्हरला न ओरडलेले शेठ मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिले आणि मला ते संशयास्पद वाटलं. पण दिवसभरात इतकं काही संशयास्पद झालं होतं, की तेवढं राहून गेलं.

तीन वर्षांनी मॅडम निवृत्त झाल्या. शेठ तोवर अध्यक्षपद सोडून घरी बसले होते. निरोपाच्या सभेत आपटे साहेबांनी शाल दिली आणि विश्वासावर बोलले. चौकट जागच्या जागी होती. मॅडमनी पहिल्याच महिन्यात अडीच इंची खिळा ठोकून घेतला होता. निघताना त्या मला म्हणाल्या, "सामंत, तो दाल पकवानवाला कुठे बसतो? उद्यापासून मी कुणाचं काही तपासत नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही कॅम्प चारमध्ये गेलो. हलवाई फार म्हातारा झाला होता, पण गल्ल्यावर बसत होता. मॅडम बाकावर बसल्या, आधी भिंतीवरचा प्लग बघितला, मग प्लेटकडे वळल्या. पकवान मोडून दालीत बुडवून त्या इतक्या मन लावून खात होत्या, की मी प्लेट संपत येईपर्यंत थांबलो. मग खिशातून पाकीट काढलं. मतदानाच्या चिठ्ठ्या तीन वर्षं जपायच्या आणि मग नष्ट करायच्या, असा नियम मॅडमचाच होता. कपाट आवरताना त्या हाती लागल्या होत्या. सिंधीतली चिठ्ठी मी हलवायापुढे धरली. इतकी वर्षं ते दोन ओळींचं 'हो' माझ्या डोक्यात होतं.

त्याने ती डोळ्यांजवळ नेली. "परसराम का अक्षर है. सात प्लेट दाल पकवान. प्याज अलग, चटनी तीखी."

मी त्याला तारीख सांगितली, मतदानाचं सांगितलं. तो आठवत राहिला आणि मग हसायला लागला.

"अरे, वो दिन! ड्रायव्हर चिठ्ठी लाया, उस में एक ही अक्षर. 'ना'. मैं समझा, शेठ को आज कुछ नहीं चाहिए. बडा आदमी है, ना बोलने के लिए भी गाडी भेजता है."

म्हणजे शेठनी मत विरोधातच दिलं होतं. मत ड्रायव्हरबरोबर हलवायाकडे गेलं आणि खाण्याची ऑर्डर मतपेटीत पडली. सगळ्यांसमोर वाचायची वेळ आली तेव्हा त्यांच्या हातात सात प्लेटची यादी होती. त्यांना 'नाही' म्हणता आलं असतं. तेच तर त्यांनी लिहिलं होतं. ते 'हो' का म्हणाले, हे मी त्यांना कधी विचारलं नाही. विचारलं असतं तर त्यांनी जे सांगितलं असतं त्यावर माझा विश्वास बसला नसता.

मॅडमचा हात थांबला होता. "सात?" त्या म्हणाल्या. बोटांवर मोजलं. "संचालक पाच. तुम्ही सहा." मग हातातला पकवानाचा तुकडा प्लेटमध्ये ठेवला. "म्हणजे माझी प्लेट धरत होते ते. मी एकदाही हात लावला नाही, आणि ज्या दिवशी मला घालवायचं ठरवलं त्या दिवशीसुद्धा धरली."

त्यांचा असा आवाज मी सहा वर्षांत ऐकला नव्हता. त्यांनी हलवायाकडे चहा मागितला, जास्त साखरेचा, आणि शेवटच्या घोटापर्यंत प्यायला. "शेठकडे जाऊन येते," म्हणाल्या. "त्यांच्या घरी चहा घेईन." हेल्मेट घातलं, पट्टा लावला, तो ओढून पाहिला आणि स्कूटर वळवली. चौकात वळेपर्यंत ते पांढरं हेल्मेट दिसत होतं.

मी काही बोललो नाही. सातवी प्लेट बाळाराम दादांची असे. ते दोन खात.